बार्शी लाईट रेल्वेच्या उरलेल्या खुणांचे फोटो काढायचेत, कुठून सुरुवात करू?

माणदेशी_कॅमेरा

नमस्कार मंडळी,

मी मूळचा सांगोल्याकडचा, आता नोकरीमुळे पुण्यात. बार्शी लाईट रेल्वे कंपनीच्या ज्या काही खुणा अजून शिल्लक आहेत त्यांचे नीट, पद्धतशीर फोटो काढायचं मनावर घेतलंय. यूट्यूबवर नॅरोगेजच्या म्हणजे अरुंद रुळांच्या छोट्या लाईनच्या शेवटच्या काळातले व्हिडिओ बरेच आहेत, ते बघायला मलाही आवडतात, पण मला हवंय ते त्याच्याही आधीचं. आपल्याकडे सरसकट "छोटी गाडी" म्हणतात त्यात खरं तर दोन काळ आहेत. एक कंपनीचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने 1895 मध्ये लंडनला कंपनी रजिस्टर केली, 1897 ला कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली, 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज, अशी लाईन वाढत वाढत सव्वातीनशे किलोमीटर झाली. आणि दुसरा काळ 1 जानेवारी 1954 पासूनचा, सरकारने कंपनी विकत घेतली, लाईन मध्य रेल्वेत गेली आणि मग पुढे ब्रॉडगेज होईपर्यंत ती मध्य रेल्वेचीच नॅरोगेज होती.

कंपनी जाऊन सत्तर वर्षं झाली, रूळ उचलूनही आता बराच काळ लोटलाय. पंढरपूर-मिरज सगळ्यात शेवटी झालं, तरी त्यालाही दशक उलटून गेलं. जे काय उरलंय ते दरवर्षी कमी होतंय, कुठे रस्ता रुंद होतो, कुठे क्वार्टर पाडतात, लोखंड तर भंगारात जातंच.

तर प्रश्न असे. कंपनीच्या काळातली वस्तू आणि नंतरची मध्य रेल्वेची वस्तू हे ओळखायचं कसं? जुना मार्ग कुठे कुठे वेगळा आहे जिथे ब्रॉडगेजखाली तो गाडला गेला नाही? आणि फोटोच्या दृष्टीने, गंजलेल्या लोखंडावरची अक्षरं माझ्याकडून नीट येत नाहीत, सगळं सपाट तपकिरी दिसतं, त्याला काय करायचं? कॅमेरा साधा आहे, जुना क्रॉप सेन्सर डीएसएलआर, 18-55 आणि एक 50 ची प्राईम, बाकी मोबाईल.

कोणी या वाटेवर फिरलं असेल, कोणाच्या घरातलं कोणी त्या लाईनवर नोकरीला असेल तर जरूर लिहा.

कुर्डुवाडीकर

दादा, धागा बघून फार बरं वाटलं. आमच्या घरातली दोन माणसं इथल्या रेल्वे वर्कशॉपला होती त्यामुळं ही गाडी म्हणजे आमच्या घरचाच विषय.

पहिली गोष्ट, कुर्डुवाडीत फोटो काढताना एक घोळ होतो तो टाळा. कुर्डुवाडी हे मुळात जीआयपीचं म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुलाचं स्टेशन, मुंबई-मद्रास मेन लाईनवरचं. बार्शीला जायचं तर इथं उतरायचं म्हणून याचं नावच बार्शी रोड होतं. कंपनीची छोटी लाईन इथनं फुटली. मग जंक्शनवर दोन कंपन्यांचा माल शेजारी शेजारी होता, मोठ्या लाईनकडचं जीआयपीचं आणि छोट्या लाईनकडचं बार्शी लाईटचं. म्हणून जुना दगडी खांब दिसला, ओतीव लोखंडाचा ब्रॅकेट दिसला की लगेच बार्शी लाईट म्हणून टाकू नका, कुठल्या बाजूला उभाय ते आधी बघा आणि फोटोतसुद्धा ते कळू द्या.

तारखेचं एक सोपं गणित सांगतो. जीआयपीची मध्य रेल्वे झाली 5 नोव्हेंबर 1951 ला. पण बार्शी लाईट तेव्हा खाजगीच होती, ती 1954 ला आली. म्हणजे मेन लाईनवर मध्य रेल्वेची अक्षरं लागल्यावरसुद्धा दोन वर्षं शेजारच्या प्लॅटफॉर्मवर कंपनीच चालू होती. त्यामुळं छोट्या लाईनच्या वस्तूवर इंग्रजीत सीआर म्हणजे सेंट्रल रेल्वे दिसलं तर ती 54 नंतरची किंवा 54 नंतर रंगवलेली, आणि बीएलआर म्हणजे बार्शी लाईट रेल्वे दिसलं तर 53 पर्यंतची, यात शंका नाही. अक्षरं नसतील तेव्हाच खरी मजा, तिथं बाकीचं बघावं लागतं.

वर्कशॉप हीच कंपनीची सगळ्यात मोठी जिवंत खूण हे लक्षात घ्या. लाईन गेली पण वर्कशॉप चालू आहे, माथेरानच्या गाडीचं काम इथं येतं. तीच अडीच फुटाची... नाही, माथेरानची दोन फुटाची, आपली अडीच फुटाची, पण छोट्या गाडीचं काम करणारे हात इथं होते म्हणून ते इथं आलं. आत फोटो काढायचा तर रीतसर अर्ज करायचा, नुसतं गेटवर जाऊन ओळख सांगून होत नाही. सोलापूर विभागाच्या जनसंपर्क खात्याला लेखी लिहा, कशासाठी, कुठले दिवस, कुठला कॅमेरा सगळं लिहा. मिरज स्टेशन मात्र पुणे विभागात येतं, तिथला अर्ज वेगळा.

रिटायर माणसं भेटतील, मी भेटवतो. पण त्यांना "कंपनीच्या काळातलं सांगा" म्हणलात तर काही निघणार नाही, 53 सालचं आठवणारं आता कोण राहिलंय. त्यांना विचारा तुम्ही लागलात तेव्हा शॉपमध्ये सगळ्यात जुनं मशीन कुठलं होतं, जुने लोक त्याला काय म्हणायचे. मग बोलायला लागतात.

पायवाट

वाचनखूण साठवलीय. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही पण लहानपणी आषाढीला या गाडीनं पंढरपूरला गेलोय, टपावर माणसं बसलेली, गाडी चढाला लागली की पोरं खाली उतरून बरोबर चालायची. फोटो टाका नक्की.

नकाशेवाला

मार्गाबद्दल लिहितो, माझा आवडता विषय आहे त्यामुळे लांबेल.

पंढरपूर ते मिरज, म्हणजे सांगोला, ढालगाव, कवठे महांकाळ, सलगरे, आरग हा पट्टा, इथे ब्रॉडगेज बऱ्याच ठिकाणी जुन्या मार्गाला धरूनच गेलीय, त्यामुळे जुनं ते नव्याखाली गेलं असं समजा. तरी पूल आणि मोऱ्यांजवळ थांबून दोन्ही बाजू बघा. रूपांतर करताना चालू लाईनच्या शेजारी नवा पूल बांधून मग लाईन वळवायची असं बऱ्याचदा करतात, अशा ठिकाणी जुन्या मोरीचे दगडी कान झाडीत शिल्लक राहतात.

लातूरच्या बाजूला मात्र मार्गच बदललाय. जुनी लाईन धाराशिव शहराला बाजूला ठेवून येडशीवरून तडवळे, ढोकी, मुरूड अशी जात होती. ब्रॉडगेज करताना ती वळवून धाराशिवला नेली, तेव्हा कुठे जिल्ह्याच्या गावाला रेल्वे मिळाली. म्हणजे येडशीच्या पुढे जुना मार्ग मोकळा पडलाय, कुठे शेतात मिसळलाय, कुठे गाडीवाट झालाय. लातूरचंही तसंच, जुनं स्टेशन गावात होतं, नवं बाहेर आहे. कंपनीचं जमिनीवरचं काही सापडायचं असेल तर माझ्या मते या बाजूला जास्त शक्यता.

शोधायचं कसं? गूगल अर्थ कॉम्प्युटरवर उघडा आणि जुन्या तारखांची चित्रं बघायची सोय आहे ती वापरा. कुर्डुवाडी-लातूर 2007-08 ला ब्रॉडगेज झालं, त्याच्या आधीचं एखादं स्पष्ट चित्र मिळालं तर रूळच दिसतील. नाही मिळालं तरी आजच्या चित्रात शेताच्या बांधांची एक लांबलचक बारीक ओळ दिसते, जी बाकीच्या बांधांना तिरकी छेदत जाते, आणि तिला वळण असतं एकसारखं, हळूहळू वळणारं. शेताचा बांध कधी असा वळत नाही. त्याच्यावर अमेरिकन लष्कराने 1950 च्या दशकात छापलेले अडीच लाखाच्या प्रमाणातले नकाशे ठेवून बघा, टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीने ते नेटवर फुकट टाकलेत, त्यात नॅरोगेज वेगळ्या खुणेने दाखवलीय. तिसरं म्हणजे तलाठ्याकडे गाव नकाशा बघा. रेल्वेने घेतलेली जमिनीची पट्टी गाव नकाशात वेगळी दिसते आणि सातबाऱ्यावर अजून रेल्वेचं नाव निघू शकतं.

आता एक मुद्दा जो मला फार महत्त्वाचा वाटतो. जीआयपीच्या खुणा शोधणं सोपं आहे कारण त्यांनी बोरघाटात डोंगर फोडले, मोठे मोठे दगडी पूल बांधले, सीएसएमटी बांधलं. कॅलथ्रॉपचा सगळा विचारच उलटा होता. त्याचं म्हणणं असं की लहान रेल्वे स्वस्तात बांधायची असेल तर इंजिन असो की मालडबा, प्रत्येक आसावर वजन सारखंच येऊ दे आणि ते पाच टनाच्या वर जाऊ देऊ नको. एकदा हे पाळलं की रूळ हलका चालतो, त्याने दर यार्ड लांबीला 30 पौंड वजनाचा रूळ वापरला, रूळ हलका म्हणून पूल हलका, पूल हलका म्हणून खर्च कमी. त्यासाठी लीड्सच्या किट्सन कंपनीकडून एकमेकांना जोडलेल्या आठ चाकांची इंजिनं बनवून घेतली, वजन सगळ्या चाकांवर पसरावं म्हणून, आणि डबे दाबलेल्या पोलादी पत्र्याच्या सांगाड्याचे. हे सगळं इकडे पाठवायच्या आधी लीड्सजवळ न्यूले इथे मुद्दाम रूळ टाकून लोकांना चालवून दाखवलं होतं.

याचा तुमच्या फोटोंशी संबंध असा की जी रेल्वे मुळातच हलकी बांधली ती जमिनीवर भव्य काही मागे ठेवत नाही. भराव बसका, मोरी छोटी, स्टेशन म्हणजे दोन खोल्या. पण हलका रूळ दोन-चार माणसं उचलू शकतात, कापू शकतात, बैलगाडीत घालून नेऊ शकतात. म्हणून बार्शी लाईट लाईनवर शोधाल त्यापेक्षा लाईनच्या आजूबाजूच्या गावांत जास्त सापडेल. गोठ्याचे खांब, फाटकाचे खांब, ओट्याची तुळई, विहिरीवरची आडवी, शाळेची घंटा.

रानफूल_आरग

शाळेच्या घंटेचं बरोबर आहे!! आमच्या शाळेत रुळाचा तुकडाच टांगलेला होता, दांडक्यानं वाजवायचे. आवाज लांब मळ्यापर्यंत जायचा. आता आहे का नाही बघून सांगते.

तिरकस_उजेड

फोटोबद्दल मी लिहितो. मी मंदिरातले शिलालेख आणि वीरगळ यांचे फोटो काढत आलोय, रुळावरची अक्षरं आणि शिलालेख यात उजेडाच्या दृष्टीने काही फरक नाही.

रुळाच्या पोटावर म्हणजे वरचा डोका आणि खालचा पाया यांच्या मधल्या उभ्या पट्टीवर उठावाची अक्षरं असतात, रूळ लाटतानाच रोलरमधून उठलेली. त्यात कारखान्याचं नाव, लाटल्याचं वर्ष, कधी महिना, वजन आणि बऱ्याचदा मागवणाऱ्या रेल्वेची अक्षरं. उठाव एक-दीड मिलिमीटरचा. त्यावर गंज चढतो, मग चुना लागतो, मग गेरू, मग ऑईलपेंट. समोरून फ्लॅश मारला की हे सगळं सपाट होणार, तेच तुमचं होतंय. उजेड बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला घासून आला पाहिजे. सकाळी ऊन कोवळं असताना किंवा सूर्य बुडायच्या आधी, आणि त्यातही रुळाचं तोंड कुठल्या दिशेला आहे यावर अवलंबून. रूळ गोठ्यात असेल, ऊन येत नसेल तर कॅमेरा तिपाईवर घट्ट, शटर दोन-तीन सेकंद, आणि हातात साधी बॅटरी घेऊन अक्षरांच्या डावीकडून, अगदी पोटाला टेकवून उजेड टाकायचा. मग उजवीकडून एक, वरून एक, खालून एक. कॅमेरा हलवायचा नाही. घरी चारही चित्रं एकावर एक ठेवून बघा, जे अक्षर एका उजेडात दिसत नाही ते दुसऱ्यात दिसतं. तुमच्या 50 ने हे झकास होईल, एफ 8 ठेवा.

मागे कवठे महांकाळच्या बाजूला एका गोठ्यात असाच खांब बघितला. म्हैस बांधून बांधून दाव्याने खालचा भाग घासून आरशासारखा गुळगुळीत झालेला, तिथे काहीच उरलं नव्हतं, पण छातीच्या उंचीला चुन्याच्या थराखाली काहीतरी उठलेलं बोटाला लागत होतं. डोळ्याला दिसत नव्हतं. बॅटरी खालून वर धरली तेव्हा 1926 असा आकडा निघाला आणि पुढे एल आणि आर. त्याच्या आधी अक्षर असणार ते नेमकं खिळा मारायला भोक पाडलंय तिथे होतं. 1926 ला लाटलेला रूळ आणि मिरजेची लाईन 1927 ची. त्या एका आकड्याने तो खांब कुठल्या कामासाठी आला हे सांगितलं. घरच्या म्हातारबाबांना स्क्रीनवर दाखवलं तर ते म्हणाले, "एवढी वर्षं टेकून बसतोय, यावर लिवलेलं हाय हे आज कळालं."

करू नये अशा गोष्टी. खडू घासू नका, तारेच्या ब्रशने गंज काढू नका, पाणीसुद्धा मारू नका. गंज काढला की अक्षरांची कडाही जाते आणि पुढच्या माणसाला काही उरत नाही. फार तर कोरड्या कापडाने जाळी-धूळ झटका, तेही मालकाला विचारून.

आणि प्रत्येक वस्तूचा नुसता जवळून फोटो काढून परत येऊ नका. अक्षरांचा जवळून, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून एक. पूर्ण वस्तूचा एक. आणि मागे हटून, ती वस्तू आज कशी आणि कशाच्या मधोमध उभी आहे याचा एक. हा तिसरा लोक विसरतात आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोलाचा. गंजलेल्या लोखंडाचा क्लोजअप जगात कुठलाही असू शकतो. गोठा, वैरण, मागे द्राक्षाची बाग आणि मधे तो खांब, हा फोटो फक्त त्याच गावचा असतो.

रूळ कुठला हे अक्षरं नसताना ओळखायचं तर उंची मोजा. 30 पौंडी रूळ साधारण तीन-साडेतीन इंच उंचीचा. आजचा ब्रॉडगेजचा रूळ सहा इंचाच्या वर जातो, त्यात गफलत व्हायचं कारण नाही. मधल्या मापाचा निघाला तर मात्र नंतर बदललेला जड नॅरोगेज रूळ असू शकतो किंवा मिरजेच्या आसपास असाल तर मीटरगेजचाही, कारण मिरजेला बरीच वर्षं मीटरगेज होती.

डर्बीहून

मी इंग्लंडमध्ये डर्बीला असते, माहेर बार्शी. हा धागा मैत्रिणीने पाठवला आणि मला राहवेना.

इथून तासाभराच्या अंतरावर स्टॅफर्डशायरमध्ये मॅनिफोल्ड नदीचं खोरं आहे. तिथे लीक अँड मॅनिफोल्ड नावाची छोटी रेल्वे होती, 1904 ला सुरू झाली आणि 1934 ला बंद पडली. तिचा इंजिनिअर कोण, तर आपला बार्शीवाला कॅलथ्रॉप! बार्शीला जे जमलं तेच त्याने इथे आणलं, तेच अडीच फुटी गेज, किट्सनचीच इंजिनं, आणि इंजिनांना पुढे भलेमोठे हेडलाइट होते हिंदुस्थानातल्यासारखे. दोन इंजिनांपैकी एकाला त्याचंच नाव दिलं होतं. म्हणजे आधी बार्शी आणि मग इंग्लंड, हा क्रम इथल्या लोकांना सांगितला की ते थक्क होतात. पुढे याच माणसाने विमानातून उडी मारायचं पॅराशूटही बनवलं.

आता मुद्द्याचं सांगते. त्या लाईनचे रूळ गेल्यावर मार्ग चालायला मोकळा केला, 1937 पासून ती पायवाट आहे, आठेक मैलांची, मॅनिफोल्ड वे म्हणतात. ह्यूम एंड या टोकाच्या स्टेशनची तिकीट कचेरी जपून तिथे माहिती केंद्र केलंय. मधे स्वेन्सलीचा बोगदा आहे, त्यातून आता मोटारी जातात. मी तिथे चालते तेव्हा एक गोष्ट जाणवते की रूळ नसला तरी रेल्वे चालताना पायाला कळते. चढ कधीच एकदम येत नाही, वळण कधीच काटकोनात येत नाही. तुम्ही येडशीपुढे चाललात तर हे नक्की जाणवेल आणि ते फोटोत पकडायचं असेल तर उभं राहून नाही, खाली बसून, वाटेच्या मधोमध कॅमेरा गुडघ्याच्या उंचीला ठेवून काढा, मग ते एकसारखं वळण दिसतं.

मला मनापासून वाटतं की दोन्हीकडचे फोटो शेजारी शेजारी लागावेत. बार्शीकडचे तुम्ही काढा, इकडचे मी काढते, त्याच उंचीवरून, त्याच पद्धतीने. एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेल्या दोन रेल्वे, एकीची पायवाट झाली आणि एकीची ब्रॉडगेज.

गँगमनची_नात

मला थोडं वेगळं मत मांडायचंय, रागावू नका.

तुम्ही म्हणता कंपनीच्या काळातलं तेवढंच हवं. माझे आजोबा ढोकीच्या बाजूला गँगमन होते, लागले ते 54 च्या बऱ्याच नंतर, मध्य रेल्वेतच. उन्हाळ्यात रूळ तापून वाकायचा तेव्हा भर दुपारी हातोडा घेऊन जायचे, पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन भराव बघत फिरायचे. कंपनीने 1911 ला टाकलेली ती लाईन तिथपासून चालू राहिली ती अशा माणसांमुळे. त्यांनी बदललेला रुळाखालचा स्लीपर, त्यांनी परत बांधलेली मोरीची भिंत, त्यांच्या क्वार्टरवर लिहिलेला नंबर, हे सगळं तुमच्या चाळणीतून खाली पडणार. म्हणजे लंडनच्या कंपनीची तीन अक्षरं मोलाची आणि आमच्या माणसांनी जे केलं ते नंतरचं म्हणून बाजूला, हे मला पटत नाही.

शिवाय बांधणारे हात कंपनीच्या काळातही इथलेच होते. अक्षरं नसलेल्या मोरीवर छिन्नीचे घाव दिसतात ना, ते वडार लोकांचे आहेत. त्याचेही तिरका उजेड टाकून फोटो काढा.

माणदेशी_कॅमेरा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

@गँगमनची_नात, ताई, रागावायचा प्रश्नच नाही, तुमचा मुद्दा पूर्ण पटला. काळ वेगळे ओळखायचे ते मी सोडणार नाही कारण ते नाही केलं तर सगळ्याचा काला होतो, पण फोटो दोन्ही काळांचे काढीन आणि प्रत्येकाखाली कंपनीचं, मध्य रेल्वेचं की सांगता येत नाही असं स्पष्ट लिहीन. छिन्नीच्या घावांचं तर डोक्यातच आलं नव्हतं. आजोबांच्या क्वार्टरचं गाव कळवाल का, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल.

@नकाशेवाला, काल रात्री जागून येडशी ते ढोकी सॅटेलाईटवर बघितलं. ती बांधांना तिरकी जाणारी ओळ खरंच दिसते, एकदा डोळ्याला सापडली की मग सोडतच नाही! काही ठिकाणी मधेच विहीर खोदलेली, काही ठिकाणी घरं. तलाठ्याकडे जाऊन गाव नकाशा बघणार आहे.

@डर्बीहून, ताई, शंभर टक्के. उंची गुडघ्याएवढी, लेन्स माझ्याकडे 50 आहे ती ठरवू या का? क्रॉपवर 50 म्हणजे फुल फ्रेमवर साधारण 75-80 पडेल, तुमचा कॅमेरा कुठला आहे सांगा म्हणजे दृश्य सारखं येईल.

अजून एक विचारायचं होतं, गावात जाऊन लोकांच्या गोठ्यातल्या रुळाचे फोटो काढायचे तर लोक काय म्हणतील? आणि रेल्वेचं काही आक्षेपाचं होईल का?

कुर्डुवाडीकर

हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत, मी सांगणारच होतो.

गावात गेलात आणि "तुमच्याकडं रेल्वेचा रूळ आहे का" असं तोंड उघडलंत तर पहिला प्रश्न येणार, "तुम्ही रेल्वेचे का?" आणि दार बंद. लोक घाबरतात, त्याला कारण आहे. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध 1966 चा कायदाच आहे. आता आजोबा-पणजोबांनी लिलावातनं रीतसर घेतलेला रूळ असला तरी पावती कोणाकडं राहिलीय. त्यामुळं आधी गावातलं कुणीतरी ओळखीचं बरोबर घ्या, चहा होऊ द्या, गाडीच्या आठवणी निघू द्या, मग आपोआप कोणीतरी म्हणतं की आमच्याकडं बी एक खांब हाय. फोटो टाकताना घरमालकाचं नाव नको, सर्व्हे नंबर नको, लोकेशन तर फोटोच्या आतनंसुद्धा काढून टाका. गाव किंवा तालुका लिहिला तरी पुरे. भंगारवाले पण नेट बघतात बरं का.

रेल्वेच्या हद्दीचं म्हणाल तर चालू लाईनवर विनापरवाना पाऊल टाकू नका. रेल्वे कायद्याचं कलम 147, सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर हजारापर्यंत दंड, दोन्हीसुद्धा होऊ शकतं. आणि कायद्याचं सोडा, या लाईनवर आता गाड्या जोरात धावतात, छोट्या गाडीसारखं नाही की शिट्टी ऐकून सावकाश बाजूला झालं. जुन्या मोऱ्या शेताच्या बाजूनं जाऊन बघा.

आणि काही सापडलं, एखादा डॉगस्पाईक म्हणजे रुळाचा खिळा, फिशप्लेट म्हणजे दोन रूळ जोडायची पट्टी, तर उचलून आणू नका. जिथं आहे तिथंच फोटो.

तिरकस_उजेड

वरच्यात भर. लोकेशन फोटोतून काढा पण स्वतःच्या वहीत मात्र पक्कं लिहून ठेवा, तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, कोणी सांगितलं, काय सांगितलं. कच्च्या फाईल दोन ठिकाणी. दहा वर्षांनी कोणी अभ्यास करायला बसलं तर फोटोपेक्षा ती वही जास्त कामाला येईल.

अजून एक. ज्याच्या घरचा फोटो काढाल त्याला प्रिंट काढून नेऊन द्या. व्हॉट्सअॅपवर नाही, कागदावर. पुढच्या वेळी तो स्वतः चार घरं दाखवतो.

रानफूल_आरग

शाळेत फोन केला. घंटा आता इलेक्ट्रिकची आहे पण रुळाचा तुकडा अजून आहे, व्हरांड्याच्या कोपऱ्यात ठेवलाय म्हणे. अक्षरं आहेत का विचारलं तर शिपाईकाका म्हणाले रंग फार चढलाय, काहीतरी उठल्यासारखं लागतं. हेडसरांना तुमच्याबद्दल सांगितलंय, ते हो म्हणालेत. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी आलात तर ऊन व्हरांड्यात आडवं येतं. तुम्हाला तिरका उजेड लागतो ना?

नकाशेवाला

येडशीकडे जाणार असाल तर ऊस तुटून जाऊ द्या. आत्ता गेलात तर दोन्ही बाजूंनी उसाच्या भिंती आणि भराव दिसणारच नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये रान मोकळं होतं, गवतही वाळतं, आणि मोरीच्या तोंडापर्यंत उतरता येतं. पांगरीच्या पुढे बालाघाटाचा चढ सुरू होतो तिथे रामलिंगच्या बाजूला अभयारण्य आहे, आत जायचं तर वनखात्याला आधी विचारा.

मी येऊ शकतो, माझ्याकडे जुने नकाशे मोबाईलवर चढवलेले आहेत, आपण कुठे उभे आहोत ते नकाशावर लगेच दिसतं. तारीख ठरली की इथेच लिहा.

गँगमनची_नात

क्वार्टरचं गाव व्यनिमध्ये पाठवलंय. दोन खोल्या उभ्या आहेत, छप्पर नाही. माझे चुलते तिथेच राहतात, त्यांना सांगून ठेवते, जेवायलाच या सगळे. आजोबांचा हातकंदील घरी आहे, त्यावर काही अक्षरं आहेत का ते मी आज बघते आणि बॅटरी बाजूने धरून मोबाईलवर फोटो काढून टाकते.